'मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स'ची डिस्क घेतलीय? मग ती अशी खेळा

राजारामपुरीत माझं जुन्या गेम-डिस्कचं आणि कंट्रोलर दुरुस्तीचं छोटं काउंटर आहे. सेकंडहँडच्या खोक्यात जीटीए पडायच्या आधीच उचलली जाते. 'मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स' मात्र ठाण मांडून बसलेली असते. कव्हरवर हल्क, थॉर, आयर्न मॅन बघून एखादा पोरगा घेऊन जातो आणि आठवड्याभरात परत येतो. "भावा, बोअर आहे. दुसरी दे." कुठवर खेळलास विचारलं की उत्तर ठरलेलं: तेच रोबॉट, तीच लॅब, आणि सारखं गियर, म्हणजे हिरोला घालायचं सामान, बदलून बदलून डोकं उठलं. गडी चुकीच्या दाराने आत गेला, हे तिथेच कळतं.

गेमने निराशा केली, यावर वाद नाही. ४ सप्टेंबर २०२० ला तो आला तेव्हा काय हवा होती! बनवणारी क्रिस्टल डायनॅमिक्स, म्हणजे टूम रेडर नव्याने उभा करणारी मंडळी. पाठीशी स्क्वेअर एनिक्सचा पैसा. पण गोष्ट सांगण्यात तरबेज असलेल्या स्टुडिओला वर्षानुवर्षं चालणारा, रोज यायला लावणारा, लूट, म्हणजे बक्षिसाचं सामान, वाटणारा गेम करायला बसवलं. स्क्वेअर एनिक्सचे तेव्हाचे अध्यक्ष योसुके मात्सुदा यांनीच पुढे कबूल केलं की गेम अपेक्षेला उतरला नाही आणि स्टुडिओच्या स्वभावाला साजेशी रचना निवडायला हवी होती. २०२२ मध्ये तो स्टुडिओ एम्ब्रेसर या कंपनीला विकूनही टाकला. ३१ मार्च २०२३ ला शेवटचं अपडेट आलं आणि ३० सप्टेंबर २०२३ नंतर डिजिटल विक्री बंद झाली.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच, की या डिस्कमध्ये दोन गेम आहेत. एक स्टुडिओला जमणारा, दुसरा त्याच्याकडून करून घेतलेला. दहा-बारा तासांचा पहिला गेम झकास आहे. तो दुसऱ्यातून सोडवून घ्यायचा कसा, तेवढंच खाली लिहितो. माझ्याकडे पीएस फोरच जास्त येतात म्हणून बटणं प्लेस्टेशनची सांगतोय, एक्सबॉक्सवाल्यांनी आपापली जुळवून घ्यावीत.

आधी खरेदी. स्टोअरवर आता मिळत नाही, त्यामुळे ज्याने आधी डिजिटल घेतलाय तो आपल्या लायब्ररीतून उतरवू शकतो, बाकीच्यांना डिस्कच. जुन्या डिस्कला पाचशेच्या वर पैसे देऊ नका, मी तरी घेत नाही. आणि घेताना एक गोष्ट डोक्यात ठेवा: दोन भावांनी एका टीव्हीवर बसून खेळायचा हा गेम नाही. स्प्लिट स्क्रीन नाहीच. चार हिरो एकत्र लढतात ते ऑनलाइन, नाहीतर बाकीचे तिघे कॉम्प्युटर चालवतो. कव्हरवर पाच-सहा जण दिसतात म्हणून घरी दोन कंट्रोलर घेऊन बसलेली पोरं मी बघितलीत, फार वाईट वाटतं.

डिस्क टाकली की लगेच खेळायला बसू नका, अपडेट पूर्ण उतरू द्या. ते भलंमोठं आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर व्हायचं नाही. रात्री वायफायला लावून झोपा. डिस्कवरचा मूळ गेम २०२० चा आहे: अडकणारा, मध्येच बंद पडणारा, आणि हिरो सहाच. अपडेटनंतर केट बिशप, हॉकाय, ब्लॅक पँथर, जेन फॉस्टरची माईटी थॉर, विंटर सोल्जर सगळे येतात, तेही फुकट. स्पायडरमॅन फक्त प्लेस्टेशनवर. एक्सबॉक्स आणि पीसीवाल्यांनी तो मेन्यूत शोधत बसू नये.

आता ते चुकीचं दार. सुरुवातीलाच गेम विचारतो: रिअसेम्बल कॅम्पेन की अ‍ॅव्हेंजर्स इनिशिएटिव्ह? इनिशिएटिव्हमध्ये सगळे हिरो पहिल्या मिनिटाला मोकळे असतात, म्हणून पोरं थेट तिथे उडी मारतात. गोष्ट आधीच फुटेल अशी सूचना गेम स्वतः देतो, ती वाचतो कोण? तिथे गेलात की मिशनचा टेबल समोर येतो, आणि पुढचे कित्येक तास रिंगणात उभं राहून जागा राखणं, जनरेटर फोडणं, पुन्हा लॅबमध्ये उतरणं. रिअसेम्बल निवडा. दुसऱ्या पर्यायाकडे ढुंकून बघू नका.

अवघडपणा नॉर्मलवर ठेवा. हार्डवर शत्रू हुशार होत नाहीत, फक्त जास्त मार खातात. एका रोबॉटला अर्धा मिनिट बडवण्यात कसली मजा?

गोष्ट कमला खानची. जर्सी सिटीची पाकिस्तानी-अमेरिकन पोरगी, अ‍ॅव्हेंजर्सची वेडी, बापाला 'अब्बू' म्हणणारी. सॅन फ्रान्सिस्कोला ए-डे नावाचा सोहळा चाललेला असतो, तिथे स्फोट होतो, कॅप्टन अमेरिका गेला असं सगळ्या जगाला वाटतं आणि बाकीची टीम बदनाम होऊन पांगते. पाच वर्षांनी या पोरीच्या हाती एक पुरावा लागतो आणि ती घर सोडून एकेकाला शोधत निघते. तिचा आवाज सँड्रा साद हिचा आहे आणि खरं सांगतो, त्या आवाजावर निम्मा गेम तरून जातो. ब्रूस बॅनरसोबत, म्हणजे हल्कच्या माणूसरूपासोबत, ती हेलिकॅरियर नावाच्या पडीक उडत्या जहाजात फिरते तो भाग सावकाश खेळा. पळू नका. तिथली बोलणी ऐका.

अडचण अशी की गोष्ट चालू असतानाच मध्ये वॉर टेबल, म्हणजे मिशन निवडायचा तो टेबल, उघडतो आणि त्यावर गोष्टीच्या मिशनच्या बाजूला दुसरी फुटकळ मिशनंही झळकायला लागतात. फॅक्शनची, म्हणजे गेममधल्या गटांची, माणसं कामं देऊ करतात, रोजची असाइनमेंट येते, कुठे हार्म रूममध्ये सराव कर म्हणतात. सगळ्याला नमस्कार. फक्त कॅम्पेनची खूण असलेलं मिशन घ्या, ते संपलं की पुढचं. वाटेत कुलूपबंद खोल्या आणि पेट्या दिसतील. डी-पॅडचं वरचं बटण दाबलं की आसपासचं सगळं उजळून दिसतं. जवळ असेल तर उघडा, पण नकाशाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पेटीसाठी वाट वाकडी करू नका. आत निघतं ते गियरच.

आणि गियर म्हणजे या गेमचा सगळ्यात मोठा फसवा भाग. प्रत्येक हिरोला गियरच्या चार जागा आणि त्यावर तीन आर्टिफॅक्ट, म्हणजे खास वस्तू. प्रत्येकावर पॉवरचा आकडा, खाली बारीक अक्षरात टक्के: माइट, प्रिसिजन, प्रोफिशिअन्सी, व्हॅलर, रिझॉल्व्ह... पाठ करायला बसलात तर बारावीचा अभ्यास बरा. आणि एवढं करून अंगावर काहीही दिसत नाही! नवीन गियर घातलं तरी हिरो तसाच. हल्कच्या बाबतीत तर हे गियर म्हणजे त्याच्या शरीरातली हाडं आहेत. आता हल्कची हाडं बदलून त्यात काय हौस?

तेव्हा कॅम्पेन संपेपर्यंत गियरचा नियम एकच: मिशन संपलं की मेन्यूत जा, ज्याचा आकडा मोठा ते घाला, बाकी मोडीत काढा, बाहेर या. मोडीतून सुटे भाग मिळतात, ते साठवा. एकेका वस्तूवर खर्च करून तिला वाढवत बसू नका, पुढच्याच मिशनला तिच्यापेक्षा मोठ्या आकड्याची मिळते आणि घातलेलं वाया जातं. अपवाद एक. टक्क्यांत कुठे 'पिम' असं दिसलं तर ते ठेवा. त्याचा मारा बसला की शत्रू आकसून गुडघ्याएवढा होतो आणि चिरक्या आवाजात तुमच्यावर धावून येतो. आकडा थोडा कमी असला तरी चालेल. नाद खुळा प्रकार आहे.

दुसरं असं की कॉम्प्युटरने चालवलेले सोबती तुम्हीच सजवलेले हिरो असतात. तुमचा हल्क पहिल्या दिवसाच्या गियरवर फिरत असेल तर लढाईत सोबतीला तोच दुबळा हल्क येणार. म्हणून मोठ्या मिशनआधी मिनिटभर सगळ्यांवरून हात फिरवा.

हा पसारा बाजूला सारला की उरते ती खरी मेख, म्हणजे ताकदी. या गेममध्ये आपल्याला हवा तसा हिरो घडवता येतो, पण गियरमध्ये नाही, स्किलच्या पानांवर. आणि तिथेच पोरं कधी नीट बघत नाहीत. लेव्हल वाढल्याचा पॉइंट येतो, जे पहिलं चमकतं त्यात टाकतात आणि पुढे.

पानं तीन आहेत: प्रायमरी, स्पेशालिटी, मास्टरी. प्रायमरीत नवे वार उघडतात. स्पेशालिटी आणि मास्टरीत मात्र एकाच चालीचे दोन-तीन पर्याय समोर ठेवलेले असतात आणि त्यातला एकच एका वेळी चालू राहतो. उघडलेले पर्याय नंतर केव्हाही बदलता येतात, पैसे लागत नाहीत. हे खूप जणांना माहीत नसतं, त्यामुळे घाबरून काहीच निवडत नाहीत. बिनधास्त निवडा. पन्नासाव्या लेव्हलपर्यंत गेलात तर सगळंच उघडतं, पण कॅम्पेनमध्ये तेवढी लेव्हल होत नाही, म्हणून पॉइंट कुठे आधी टाकायचे हे महत्त्वाचं.

माझा क्रम असा. आधी हलक्या वारांची साखळी, म्हणजे चौकोन-चौकोन-त्रिकोण अशा शेवटांचे नवे वार. सुरुवातीला हिरो एकच लय ठोकत राहतो आणि कंटाळ्याचं मूळ तिथे आहे. असे तीन-चार शेवट उघडले की तीच लढाई वेगळी वाटायला लागते. मग कंट्रोलरच्या आर-टू बटणावर असलेली अंगभूत ताकद, जिला गेम इंट्रिन्सिक म्हणतो. तिचा मीटर लढता लढता भरतो आणि वापरला की उतरतो. दुरून मारण्याचे वार शेवटी, आयर्न मॅन सोडून. त्याला रिपल्सरनंतर लेझर आणि रॉकेट स्किलमधूनच मिळतात, ती आधी घ्या, नाहीतर हवेत तरंगत टिकटिक गोळ्या मारत बसाल.

कमलाचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त वेळ तीच हातात असते. तिचे हातपाय रबरासारखे लांब जातात, त्यामुळे शत्रूच्या अंगाशी जायची गरज नाही. दोन पावलं मागे राहून मारा. समोर ढालवाला रोबॉट, वर ड्रोन, मागून कोणीतरी गोळी झाडतोय, अशा वेळी स्क्रीनच्या कडेला खुणा उमटतात. लाल कडं दिसलं की वार अडवता येत नाही, गोल बटणाने बाजूला व्हायचं. बाकीचे वार योग्य क्षणी परतवता येतात. आता आर-टू दाबून धरा: कमला अंग वेडंवाकडं ताणून येणारे वार आपोआप चुकवायला लागते. हीच तिची जान आहे. गर्दीत सापडलात की घाबरून पळायचं नाही, आर-टू धरायचं आणि तिथूनच उलटे ठोसे सुरू करायचे. स्पेशालिटीत या ताकदीचे पर्याय उघडले की एक लढाई एकावर, दुसरी दुसऱ्यावर खेळून बघा, कुठला हाताला बसतो ते पाच मिनिटांत कळतं.

तिची सपोर्टची चाल म्हणजे हीलिंग स्पिरिट, जवळ असलेल्या सगळ्यांचं बळ भरून येतं. पोरं ती स्वतः मरायला टेकल्यावर वापरतात. तशी नाही वापरायची. दोन सोबती जवळ आहेत आणि दोघांचीही पट्टी निम्म्यावर आलीय, तेव्हा. एल-वन आणि आर-वन एकत्र दाबलं की एम्बिगन: कमला दुमजली घराएवढी होते. हे मोठ्या शत्रूसाठी राखून ठेवतात सगळे. मी म्हणतो, भरलं की वापरा. मोठा शत्रू येईपर्यंत पुन्हा भरतं, आणि एवढी मोठी झालेली कमला रोबॉटना झाडून टाकते तो या गेममधला सगळ्यात हसरा क्षण आहे, तो साठवून काय करायचाय?

शत्रूची आणखी एक पट्टी असते, गुंगीची. ती भरली की त्रिकोण आणि गोल एकत्र दाबा, म्हणजे टेकडाउन. गर्दीत ही सवय लावून घ्या. टेकडाउन चालू असताना बाकीच्यांचा मार तुम्हाला लागत नाही, तेवढा श्वास मिळतो.

बाकी हिरोंबद्दल थोडक्यात. थॉरचा हातोडा फेकला की शत्रूला भिंतीला किंवा जमिनीला खिळवून ठेवतो आणि तोवर थॉर रिकाम्या हातांनी लढतो. ढालवाल्याला असा खिळवा, बाकीच्यांना उरकून घ्या, मग हातोडा परत बोलवा. हल्क एका शत्रूला हातात धरून दुसऱ्याला त्याने बडवतो, आणि आर-टू चालू असताना मारलेल्या प्रत्येक वाराने त्याचं स्वतःचं बळ भरून येतं. म्हणून हल्कने मागे हटायचंच नाही. ब्लॅक विडोची 'व्हेल ऑफ शॅडोज' सगळ्या टीमला अदृश्य करते, तिच्या स्पेशालिटीत पॉइंट टाकणं कधी वाया जात नाही. आणि कॅप्टन अमेरिका. त्याची ढाल एकाला लागून दुसऱ्यावर उसळते. लढण्याच्या दृष्टीने सगळ्यात रेखीव हिरो तोच, आणि गेमने त्यालाच सगळ्यात कमी वेळ दिलाय.

गोष्ट संपल्यावर काय? इथे थांबलात तरी पैसे वसूल. पण हात बसलाच असेल तर इनिशिएटिव्हमध्ये जाऊन केट बिशपचं 'टेकिंग एम', मग हॉकायचं 'फ्युचर इम्परफेक्ट', मग ऑगस्ट २०२१ मध्ये आलेलं 'वॉर फॉर वाकांडा', एवढी तीन खेळा, याच क्रमाने. पहिल्या दोनांत जुन्याच लॅब पुन्हा दिसतात, ते गृहीत धरून बसा. वाकांडा मात्र वेगळं आहे: हिरवंगार जंगल, नवा खलनायक क्लॉ, आणि टचालाला, म्हणजे ब्लॅक पँथरला, क्रिस्टोफर जज यांचा भारदस्त आवाज. ब्लॅक पँथरच्या लढाईलाही वेगळी धार आहे. लेव्हल कमी पडतेय असं वाटलं तरी तिथे जा, अवघडपणा खाली आणता येतो.

लेव्हल पन्नास करायच्या मागे मात्र लागू नका. मार्च २०२१ मध्ये त्यांनी वरच्या लेव्हलसाठी लागणारा एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मुद्दाम वाढवला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेव्हल लवकर वाढवायचे बूस्टर पैशाला विकायला काढले! लोक एवढे भडकले की नोव्हेंबरमध्ये माफी मागून ते काढून टाकावे लागले. मेगा हाइव्ह, रेड वगैरे लांबलचक अवघड मिशनंही सोडून द्या. रेडला चार खरे, तयारीचे खेळाडू लागतात, आणि आज रात्री अकरा वाजता ते कोल्हापुरात तर सोडाच, कुठेच पटकन मिळत नाहीत.

कपडे मात्र बघून घ्या. जे पोशाख एकेकाळी खऱ्या पैशाला विकले जात होते, ते गेममधलं दुकान बंद करताना सगळ्यांना मोकळे केले, अपडेट झालेलं असलं की झालं. हिरोच्या मेन्यूत पोशाखाचं पान उघडा, भरपूर आहेत. हे गेमचं पहिलं मिशन संपताच करा, गोष्ट संपल्यावर नाही. गियरने हिरो बदललेला दिसत नाही, पोशाखाने दिसतो. माझा हल्क पट्ट्यापट्ट्यांचा सूट आणि हॅट घालून रोबॉट फोडतो.